कॅमोमाइल कुठे पिकलं यावर त्याचे गुण किती बदलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमोमाइलची फुलं, तेल आणि बी यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कॅमोमाइल म्हणजे नक्की कोणतं झाड? जर्मन आणि रोमन एकच का?

एकच नाहीत. औषधासाठी आणि चहासाठी जगभर सर्वाधिक वापरलं जातं ते जर्मन कॅमोमाइल, म्हणजे मॅट्रिकेरिया कॅमोमिला. हे एका हंगामाचं झाड. रोमन कॅमोमाइल (कॅमेमेलम नोबिले) बहुवर्षायू असतं, जमिनीलगत पसरतं आणि त्याच्या तेलाची घडण पूर्ण वेगळी असते. ओळखायचं असेल तर फूल उभं चिरा. जर्मन कॅमोमाइलचा पिवळा गोंडा शंकूसारखा वर आलेला असतो आणि आतून पोकळ निघतो. रोमन आणि इतर बहुतेक सारख्या दिसणाऱ्या फुलांचा गोंडा आतून भरीव असतो. या पानावर पुढे सगळीकडे ‘कॅमोमाइल’ म्हणजे जर्मन कॅमोमाइल समजा.

२. फुलात औषधी असं असतं तरी काय?

दोन गट लक्षात ठेवले की पुरे. पहिला गट उडनशील तेलाचा. त्यात बिसाबोलॉल, त्याची ऑक्साइडं, स्पायरोइथर आणि फार्नेसीन येतात. शिवाय फुलात मॅट्रिसिन नावाचा रंगहीन पदार्थ असतो. वाफेवर ऊर्ध्वपातन करताना त्याचं कॅमाझुलीन होतं आणि तेलाला गडद निळा रंग येतो. दुसरा गट पाण्यात उतरणाऱ्या फ्लेव्होनॉइडांचा, त्यातलं मुख्य म्हणजे एपिजेनिन-७-ग्लुकोसाइड, जे जास्त करून पांढऱ्या पाकळ्यांत असतं.

युरोपीय औषधसंहितेनुसार (औषधांच्या दर्जाचे अधिकृत नियम सांगणारा ग्रंथ) वाळलेल्या फुलांत किलोमागे किमान ४ मिली निळं तेल आणि किमान ०.२५ टक्के एपिजेनिन-७-ग्लुकोसाइड असायला हवं. कुठल्याही देशाच्या मालाची तुलना करायची तर आधी या दोन आकड्यांशी करा.

३. जागा बदलली की गुण बदलतात म्हणजे नेमकं काय बदलतं?

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. खरं तर हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

तेलाचा *प्रकार*, म्हणजे त्यात बिसाबोलॉल जास्त की त्याची ऑक्साइडं जास्त, हे मुख्यतः आनुवंशिक असतं. ते बियाण्याबरोबर येतं, मातीतून येत नाही. तेलाचं *प्रमाण* मात्र हवामान, तोडणीची वेळ आणि वाळवणं यांवर बरंच हलतं. आणि फुलांबरोबर *नको ते काय आलं*, म्हणजे कॅडमियम, विषारी तणं, धूळ, हे जवळजवळ पूर्णपणे जागेवर ठरतं.

आमच्या मते जागेचा खरा धाक तिसऱ्या बाबतीत धरावा. लोक मात्र पहिल्याच बाबतीत वाद घालत बसतात.

४. इजिप्तचं चांगलं, युरोपातलं चांगलं की अर्जेंटिनाचं?

देशाच्या नावावरून तेलाचा संभाव्य प्रकार सांगता येतो, दर्जा सांगता येत नाही. तज्ज्ञ कॅमोमाइलच्या तेलाचे साधारण चार प्रकार मानतात: ‘अ’मध्ये बिसाबोलॉल ऑक्साइड ए जास्त, ‘ब’मध्ये ऑक्साइड बी जास्त, ‘क’मध्ये बिसाबोलॉल जास्त, आणि ‘ड’मध्ये बिसाबोलॉल आणि ऑक्साइडं जवळपास सारखी. इजिप्तच्या मालात सहसा ऑक्साइड ए वरचढ असतं, अर्जेंटिनाच्या मालात ऑक्साइड बी. स्पेनच्या ईशान्येकडच्या रानटी झाडांत बिसाबोलॉल भरपूर सापडतं. तुर्कस्तानाकडच्या काही मालात बिसाबोलोन ऑक्साइड नावाचं चौथंच संयुग पुढे असतं.

जळजळ कमी करण्याच्या बाबतीत प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांत बिसाबोलॉल त्याच्या ऑक्साइडांपेक्षा सरस दिसलं. त्यामुळे त्वचेवर लावायच्या मलमासाठी ‘क’ प्रकार मागतात, ते योग्यच आहे. पण युरोपीय औषधसंहिता तेलाचे दोन्ही प्रकार स्वीकारते, बिसाबोलॉलप्रधान आणि ऑक्साइडप्रधान. चहासाठी या भेदाचं फारसं महत्त्व नाही. का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. एकच बी दोन वेगळ्या देशांत पेरलं तर काय होईल?

तेलाचा प्रकार तोच राहील, प्रमाण बदलेल. बिसाबोलॉलप्रधान वाण गरम, कोरड्या मुलुखात नेलं म्हणून ते ऑक्साइडप्रधान होत नाही. घटकांची टक्केवारी थोडी इकडेतिकडे होते, पण मुख्य घटक बदलत नाही. म्हणूनच बिसाबोलॉलसाठी निवडलेली वाणं (बोना हे द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेलं, मान्झाना हे चतुर्गुणित, म्हणजे चार संच असलेलं) वेगवेगळ्या मुलुखांत लावली जातात. ‘आमच्या खोऱ्याच्या मातीतच ते गुण आहेत’ असं कुणी म्हणालं तर त्या खोऱ्यात कोणतं बी पेरतात, ते आधी विचारा.

याला एक व्यावहारिक अपवाद आहे. कॅमोमाइलचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ज्या शेतात आधी दुसरं वाण होतं तिथे नवं पेरलं, की जुनंही सोबत उगवतं आणि माल मिश्र निघतो. अशा वेळी जागेने गुण बदलल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात तो बियाण्याचा घोळ असतो.

६. हवामानाचा परिणाम किती?

तेलाच्या प्रमाणावर चांगलाच. झाडाचा पाला थंडीत वाढला आणि फुलोरा २० ते २५ °से.च्या आसपास, भरपूर उन्हात आला तर तेल चांगलं भरतं. रोपं थंडी सोसतात, हलकं हिमही सोसतात. उलट फुलोऱ्यात पारा दिवसेंदिवस ३० °से.च्या वर राहिला तर झाड घाईने फुलतं, फुलं लहान राहतात आणि हंगाम लवकर आटोपतो. सावलीत वाढलेलं झाड उंच, लवचिक होतं आणि फुलं कमी देतं.

पावसाचा घात वेगळाच. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला की फुलं ओली येतात, ढिगात तापतात, काळी पडतात. त्या वर्षी माल हलका निघाला तर दोष हवामानाचाच असतो. तरी बहुतेकदा तो वाळवण्यातून आत शिरलेला असतो (प्रश्न ११).

७. डोंगरावरचं, जास्त उंचीवरचं कॅमोमाइल जास्त गुणकारी असतं का?

कॅमोमाइलसाठी असा सरसकट नियम नाही. ही समजूत बहुधा दुसऱ्या झाडांवरून आली आहे. अर्निका मॉन्टाना या औषधी फुलझाडाचं एकच वाण ऑस्ट्रियात वेगवेगळ्या उंचीवर लावून पाहिलं, तेव्हा वरच्या झाडांच्या फुलांत कॅफेइक आम्लापासून बनणारी संयुगं वाढलेली आढळली. श्रेय सुरुवातीला अतिनील किरणांना दिलं गेलं. नंतरच्या नियंत्रित प्रयोगांनी मुख्य कारण कमी तापमान असल्याचं दाखवलं. विशेष म्हणजे अर्निकाचे जे मुख्य औषधी घटक, म्हणजे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन, ते उंचीबरोबर तसे वाढले नाहीत.

म्हणजे उंचीने काही घटक वाढतात, काही वाढत नाहीत. पाकिटावर ‘पर्वतीय’ छापलेलं असेल तर कोणता घटक आणि किती, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

८. माती कशी हवी? खारवट जमिनीत येतं असं ऐकलं, मग तिथलं औषधी राहतं का?

येतं, आणि औषधीही राहतं. हंगेरीच्या मैदानी भागातल्या क्षारयुक्त माळरानांवर कॅमोमाइल आपोआप वाढतं आणि तिथून ते पिढ्यान्पिढ्या गोळा केलं जातं. चोपण, जास्त सामू असलेल्या जमिनीतही ते तग धरतं, जिथे इतर पिकं मान टाकतात. क्षार वाढत गेले तर फुलांचं एकूण उत्पादन घटतं, पण तेलाचा प्रकार बदलत नाही.

भारी, खतावलेल्या जमिनीचा उलटा त्रास होतो. नत्र जास्त झालं की झाड पाला करतं, फुलोरा लांबतो आणि वाऱ्यापावसात झाड लोळतं. लोळलेल्या झाडाची फुलं मातीला टेकतात आणि माती लागलेल्या फुलांची राख चाचणीत जास्त निघते. मध्यम, निचऱ्याची, फार सुपीक नसलेली जमीन या झाडाला मानवते.

९. जड धातूंचा धोका खरा आहे का?

खरा आहे, आणि बियाण्याच्या वाटेने तो सुटत नाही. कॅमोमाइल जमिनीतलं कॅडमियम ओढून घेणाऱ्या झाडांपैकी आहे. झाड वरून ठणठणीत दिसतं, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही.

जमीन आम्लधर्मी असेल तर कॅडमियम जास्त विरघळतं आणि जास्त शोषलं जातं. चुनखडी घालून सामू ६.५ ते ७ च्या आसपास आणला की शोषण कमी होतं. कॅडमियम येतं कुठून? जुन्या खाणी आणि धातू गाळायच्या भट्ट्यांच्या परिसरातून, सांडपाण्याच्या गाळाचं खत घातलेल्या जमिनीतून, काही फॉस्फेट खतांतून. अशा जागी कॅमोमाइल लावूच नये. गव्हाचं पीक तिथे चांगलं येतं, या आधाराने तर मुळीच नाही.

मर्यादा म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत औषधी वनस्पतींसाठी कॅडमियम किलोमागे ०.३ मिलिग्रॅम सुचवलं आहे. युरोपीय औषधसंहितेची सर्वसाधारण मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. चाचणी अहवाल वाचताना त्यात कोणती मर्यादा धरली आहे तेही बघा. एकच माल एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास होऊ शकतो.

१०. रानातून गोळा केलेलं चांगलं की शेतातलं? सेंद्रिय असेल तर निर्धास्त राहावं का?

रानातल्या मालात तीन भानगडी असतात. तेलाचा प्रकार एकसारखा नसतो, जमिनीचा इतिहास माहीत नसतो आणि सारखी दिसणारी झाडं मिसळतात. त्यांतलं अँथेमिस कोटुला हे दुर्गंधी झाड सर्वांत त्रासदायक. त्यातलं अँथेकोटुलाइड त्वचेला ॲलर्जी देतं. प्रश्न १ मधली फूल चिरण्याची खूण इथेही कामी येते.

शेतातल्या मालातला धोका वेगळा असतो: सेनेसिओ जातीचं तण. त्यात यकृताला घातक पायरोलिझिडीन अल्कलॉइडं असतात. तेही पिवळं फुलतं आणि यंत्राने कापणी करताना कॅमोमाइलबरोबरच गोळा होतं. फुलं एकदा वाळून चुरली की निवडून काढणं जवळजवळ अशक्य. युरोपीय संघाने १ जुलै २०२२ पासून वाळलेल्या कॅमोमाइल चहासाठी या अल्कलॉइडांची मर्यादा किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

सेंद्रिय प्रमाणपत्राने फवारणीबाबत हमी मिळते, या तणाबाबत नाही. तणनाशक वापरत नसल्याने तण हाताने काढावं लागतं, आणि ते काढलं की नाही हे त्या शेतावरच्या माणसांवर ठरतं. कॅडमियमच्या बाबतीतही प्रमाणपत्र गप्प असतं.

११. माझी जागा उत्तम आहे, बीही चांगलं आहे, तरी फुलांना वास नाही. काय चुकलं?

तोडणी किंवा वाळवणी. चांगल्या जागेने मिळवलेलं तेल याच दोन टप्प्यांवर गमावलं जातं, म्हणून हे नीट वाचा.

फूल तोडायची खूण: पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरलेल्या आणि पिवळ्या गोंड्यातली निम्मी बारीक फुलं उमललेली. गोंडा खालून वर उमलत जातो, त्यामुळे टोकाशी अजून हिरवट, मिटलेला भाग दिसायला हवा. पाकळ्या मागे झुकून देठाला टेकायला लागल्या की उशीर झाला. अशी फुलं वाळल्यावर भुसभुशीत होऊन फुटतात. दंव उडाल्यावर, कोरड्या हवेत तोडा. देठ शक्य तितका आखूड ठेवा, कारण देठात तेल नगण्य असतं आणि वजन मात्र वाढतं. एकाच झाडावर फुलं टप्प्याटप्प्याने येतात, तेव्हा ७ ते १० दिवसांनी पुन्हा तोडणी येते.

तोडल्यावर तास-दोन तासांत पसरा, पिशवीत कोंबून ठेवू नका. जाळीवर एकेरी थर, सावली, खेळती हवा. कृत्रिम उष्णता दिली तर ४० °से.च्या आत. थर जाड झाला की खालची फुलं तपकिरी होतात, उन्हात टाकली की मॅट्रिसिन जातं. गोंडा बोटांत दाबल्यावर कुरकुरला आणि आत ओलसर लागला नाही की झालं. पाकळ्या आधी वाळतात, त्या पाहून फसू नका. ४ ते ५ किलो ताज्या फुलांचं साधारण १ किलो वाळलेलं होतं. यापेक्षा जास्त वजन उरलं तर आत ओल आहे असं समजा.

साठवण घट्ट झाकणाच्या, अंधाऱ्या डब्यात. प्लॅस्टिकची पातळ पिशवी वास बाहेर सोडते. वर्षभरात वापरून टाकलेलं बरं.

१२. चहा पिणाऱ्याला या सगळ्याचा फरक कळतो का?

थोडा हिशेब करू. मोठ्या माणसासाठी नेहमीचं प्रमाण म्हणजे सुमारे ३ ग्रॅम वाळलेली फुलं, १५० मिली उकळतं पाणी, ५ ते १० मिनिटं झाकून. औषधसंहितेच्या किमान दर्जाच्या फुलांत ३ ग्रॅममध्ये तेल असतं ०.०१२ मिली, म्हणजे एका थेंबाच्या पावभाग. त्यातलंही थोडंच पाण्यात उतरतं. एपिजेनिन-७-ग्लुकोसाइड मात्र ७.५ मिलिग्रॅम असतं आणि ते पाण्यात बऱ्यापैकी येतं.

म्हणून चहाच्या गिऱ्हाइकाने तेलाचा ‘क’ प्रकार शोधत फिरण्यापेक्षा अख्खी, पांढऱ्या पाकळ्या शाबूत असलेली, ताजी वाळवलेली फुलं घ्यावीत. लहान पिशव्यांतली भुकटी लवकर हिणकस होते. आणि झाकण ठेवायला विसरू नका, जे थोडं तेल उतरतं ते वाफेबरोबर उडून जातं.

१३. तेल निळं नाही, म्हणजे ते नकली किंवा चुकीच्या जागेचं आहे का?

तसंच असेल असं नाही. शक्यता या: तेल जुनं आहे, कारण कॅमाझुलीन हवा-उजेडाने आधी हिरवं आणि मग तपकिरी होतं. किंवा ऊर्ध्वपातन घाईत उरकलं आहे. कॅमोमाइलचे मुख्य घटक जड असतात, त्यांना काही तास लागतात. किंवा वाणातच मॅट्रिसिन नाही. अशी वाणं आणि रानटी झाडं असतात. किंवा तो अर्क कार्बन डायऑक्साइडने काढलेला आहे. त्यात मॅट्रिसिन तसंच राहतं, त्यामुळे निळेपणा येत नाही, आणि हे उलट चांगलंच.

दुसऱ्या बाजूने, नुसत्या निळ्या रंगावर विश्वासही ठेवू नका. रंग मिसळता येतो.

१४. विकत घेताना नेमकं काय मागू?

त्या खेपेचा चाचणी अहवाल. देशाचं नाव पुरेसं नाही. त्यात तेलाचं प्रमाण, तेलाचा प्रकार, एपिजेनिन-७-ग्लुकोसाइड, ओलावा (१२ टक्क्यांपर्यंत), कॅडमियम आणि शिसं, पायरोलिझिडीन अल्कलॉइडं आणि तोडणीचं वर्ष असावं. फुटलेल्या फुलांचं प्रमाणही विचारा. औषधसंहितेत ७१० मायक्रॉनच्या चाळणीतून पडणारा चुरा २५ टक्क्यांच्या आत असावा लागतो.

बिसाबोलॉल भलतंच जास्त दिसलं तर खूश होण्याआधी थांबा. ते ब्राझीलमधल्या कांदेआ झाडाच्या तेलातून स्वस्तात मिळतं, कृत्रिमही बनतं, आणि तेलात मिसळलं जातं. त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते.

१५. मला कॅमोमाइलने पुरळ येतं. दुसऱ्या प्रदेशातलं घेतलं तर चालेल का?

नाही, तसा प्रयोग करू नका. रॅगवीड, शेवंती, झेंडू यांच्या कुळाची ॲलर्जी असेल तर कुठलंही कॅमोमाइल धोक्याचंच. माल मिश्र असल्यामुळे (प्रश्न १०) त्रास झाला असण्याची शक्यता असते, पण ते तुम्हाला घरी ठरवता येत नाही. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नियमित कॅमोमाइल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यातही उगमस्थानाने फरक पडत नाही.

१६. इतर फुलझाडांनाही हेच नियम लागू होतात का?

प्रत्येक झाडाचं वेगळं आहे. अर्निकात प्रदेशाचा भेद ठळक आहे: मध्य युरोपातल्या फुलांत हेलेनालिनचे एस्टर जास्त, स्पेनमधल्या फुलांत डायहायड्रोहेलेनालिनचे. स्पेनचा प्रकार त्वचेला कमी त्रास देतो असं मानतात. थाइममध्ये तर एकाच खोऱ्यात भेद दिसतो. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलियेच्या उत्तरेला, जिथे थंड हवा तळाशी साचते तिथे फिनॉल नसलेले प्रकार आणि आसपासच्या टेकड्यांवर थायमॉल-कार्व्हाक्रॉल ही फिनॉलं असलेले. कडाक्याची थंडी तळातल्या फिनॉलवाल्या झाडांना मारते. म्हणजे इथे जागा झाडाचा गुण बदलत नाही, कोणतं झाड जगेल ते ठरवते. यारो या औषधी झाडात निळं तेल मिळणं मुख्यतः गुणसूत्रांच्या संचांवर अवलंबून असतं.

१७. चांगलं वाण आणलं होतं. दरवर्षी घरचंच बी धरतो. आता वास आणि तेल दोन्ही बदललं, जमीन थकली का?

जमिनीला दोष देऊ नका. कॅमोमाइलमध्ये परागीभवन किटकांमार्फत होतं आणि परक्या झाडाचे पराग सहज येतात. आसपास रानटी कॅमोमाइल असेल तर दोन-तीन पिढ्यांत बी मिश्र होतं. त्यात जमिनीत पडून राहिलेलं जुनं बी भर घालतं (प्रश्न ५). चतुर्गुणित वाणाजवळ द्विगुणित झाडं असतील तर त्रिगुणित संकर होतात. ते फुलतात, पण बी नीट भरत नाही.

उपाय असा: खात्रीचं बी नव्याने आणा, जिथे आधी कॅमोमाइल नव्हतं असा तुकडा निवडा, आणि पेरणीआधी जमीन भिजवून उगवलेलं सगळं एकदा मोडून टाका. बी बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीने झाकू नका. वाळूत मिसळून भुरभुरवा, फळीने दाबा, आणि झारीच्या बारीक धारेने पाणी द्या. जोरात पाणी मारलं तर बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं.